मामांचे कान

“तोंड इकडं कर, मग बोल.”

मामांची आणि माझी ओळख या वाक्याने झाली. मी पाठमोरा उभा राहून औषधांच्या बाटल्या पुसत होतो आणि पुसता पुसता विचारलं होतं, काय होतंय तुम्हाला? उत्तराऐवजी खांद्यावर एक जाडजूड हात पडला आणि त्याने मला गरकन वळवलं. रागाने नाही, अगदी सहज. मग ते माझ्या तोंडाकडे असे टक लावून पाहू लागले की मला वाटलं, मिशीला सकाळच्या चहाचं काहीतरी लागलं असावं.

मी चिंचवडचा. आरमाराच्या एका जहाजावर, दवाखान्यात मदतनीस होतो. हुद्द्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण खलाशी मला ‘डागदर’ म्हणायचे आणि खरा डॉक्टर जवळपास असला की ‘ए पट्टीवाल्या’. मामा निघोज्याचे. लढाईच्या दिवसांत पुण्याला बाजाराला म्हणून गेले ते भरती होऊनच परतले. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सगळं जहाज त्यांना मामा म्हणायचं, तेवढं तुम्हालाही पुरे. पवनेकाठचा एक आणि इंद्रायणीकाठचा एक, असे दोघे खाऱ्या पाण्यावर भेटलो म्हटल्यावर आम्ही लगेच एका गावचे झालो.

मामा स्टोकर, म्हणजे जहाजाच्या पोटात, बॉयलरपाशी. तिथे शिरायला एकामागे एक अशी दोन दारं. पहिलं घट्ट लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण आत पंख्यांनी हवा कोंबलेली असायची. दुसरं दार उघडलं की कानात दडे बसायचे आणि मग तो आवाज अंगावर यायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘अरे बाप रे’ म्हणालो आणि ते माझं मलाही ऐकू आलं नाही. आत मात्र चार माणसं निवांत गप्पा मारत होती. ओठ हलवायचे, बोटं दाखवायची, कुणाचं लक्ष नसलं तर खालच्या लोखंडी पत्र्यावर पाना आपटायचा. तो कानाला नाही, तळपायाला कळायचा. मी भांबावून उभा होतो तर मामा नुसत्या ओठांनी म्हणाले, “डागदर, घाम पूस, चष्म्यावर पडतोय.” मला ते इतकं स्पष्ट कळलं की मीच चकित झालो.

इंद्रायणीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेला हा माणूस समुद्र कितीही खवळला तरी दोन्ही वेळा पोटभर जेवायचा. त्यांच्याच पाळीत रत्नागिरीचा एक स्टोकर होता. सात पिढ्या मचव्यावर गेलेल्या, पण बंदर सुटलं की हा बालदी पोटाशी धरून बसायचा. मामा त्याच्या वाटणीची भाकरीही संपवायचे. आमचा मालवणी आचारी लांबूनच, ओट्याशी उभा राहून, स्वतःशी पुटपुटायचा, “ह्याच्या पोटात काय बाव आसा?” बाव म्हणजे विहीर. आणि जेवणघराच्या दुसऱ्या टोकाकडून मामा ओरडायचे, “हाय! वाढ अजून!” आचाऱ्याची खात्री होती, की मामांचे कान जहाजात सगळ्यात तिखट आहेत.

शनिवारी संध्याकाळी मागच्या डेकवर चादर ताणून सिनेमा दाखवायचे. एकदा मध्येच मशीनचा आवाज गेला. पोरं बोंबलायला लागली, तेव्हा मामा उठून पडद्याजवळ जाऊन बसले आणि पडद्यावरच्या प्रत्येकाचं बोलणं मोठ्याने सांगायला लागले. नायिकेचं नाजूक आवाजात, बापाचं खाकरून. “म्हणती, मला इसरून जा. हा म्हणतो, जमणार न्हाई.” लोक हसून हसून आडवे झाले. पाव तासाने आवाज परत आला. नायिका आता स्वतः बोलत होती आणि मामाही बोलत होते, तिच्या वरताण. लोकांना वाटलं, मामा मस्करी करतायत. टाळ्या पडल्या. मी बाजूलाच बसलो होतो. मामा मस्करी करत नव्हते. आवाज परत आलाय हे त्यांना कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते गोळी मागायला आले तेव्हा मी त्यांच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे जमिनीवर टाकला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी शिवी हासडली. मामा शांतपणे पाण्याचा पेला शोधत होते.

मी पुढे आलो आणि विचारलं, “केव्हापासून?”

मामांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “दोन-तीन वर्सं झाली. पण खाली कुणालाच ऐकू येत न्हाई रं. तिथं मी बहिरा कसा?”

“आणि सुट्टीवर जाता तेव्हा?”

“तवा हुतो बहिरा. आई चुलीकडं तोंड करून बोलती. बायको पदराआडनं, तीबी खाली बघून. दिवा मालवला की मग हिरीत बसल्यावानी. म्हणून तर दोन दीस आधीच परत येतो.” मग त्यांनी माझा हात धरला. “डागदर, मला हितंच राहू दे.”

आता तुम्ही म्हणाल, यात डागदराच्या हातात काय होतं? वर्षातून एकदा तपासणी व्हायची. आमचा डॉक्टर कापडी पडद्यामागे उभा राहून कुजबुजत आकडे सांगायचा आणि माणसाने ते मोठ्याने म्हणायचे. मी वही घेऊन पडद्याच्या अलीकडे, माणसाच्या समोर. त्या वर्षी डॉक्टर पडद्यामागून ‘नाइन्टी नाइन’ कुजबुजला आणि मी लिहिता लिहिता ओठ हलवले. मामांनी खणखणीत सांगितलं, “नाइन्टी नाइन!” पाचही आकडे बरोबर. डॉक्टर म्हणाला, अशा खोलीत काम करूनही याचे कान शाबूत आहेत, कमाल आहे. पुढच्या वर्षीही तेच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट फुशारकी वाटली. सांगायला कुणी नव्हतं म्हणून, नाहीतर सांगितलंही असतं.

मग सिलोनकडून परतताना ते झालं. बॉयलरजवळच्या एका नळाच्या जोडातून वाफ सुटली. ती वाफ डोळ्यांना दिसत नाही. बारीक चिरकी शिट्टी वाजते, आणि पंख्यांच्या गदारोळातही चांगल्या कानाला ती वेगळी कळते. जोड मामांपासून दोन हातांवर होता. पलीकडून रत्नागिरीचा आला, पाना घ्यायला त्याने हात पुढे केला आणि तो कोपरापासून बोटांपर्यंत भाजला.

मी पट्टी बांधत होतो तेव्हा मामा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, “शिट्टी येत व्हती का रं?”

“येत होती ना,” तो कण्हत म्हणाला. “ऐकली मी. मला वाटलं, मामा तिथेच आहेत, त्यांनी ऐकली असेल. म्हणजे तसं काही नसेल.”

मामांनी ते त्याच्या ओठांवरून वाचलं. मला वाटलं, निदान आता तरी त्याने तोंड फिरवून बोलायला हवं होतं. चौकशी झाली, जोडातली चकती खराब निघाली, प्रकरण मिटलं. कुणी मामांना बोल लावला नाही. रत्नागिरीकराची दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत.

त्यानंतर महिन्याभराने पुन्हा तपासणी आली. मी काय करणार हे त्या दिवशी सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. मामांना सांगायला हवं होतं. तेवढी छाती झाली नाही.

मामा स्टुलावर बसले आणि नेहमीसारखं माझ्याकडे पाहू लागले. पडद्यामागून पहिला आकडा आला. मी लिहिला, ओठ मिटून. मामा थांबले. डॉक्टरने पुन्हा सांगितला. मामांच्या भुवया जरा वर गेल्या, विसरलास का, असं विचारत. मी वहीत पाहिलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा त्यांना कळलेलं होतं. तरीही त्यांनी पाठ ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “नाइन्टी नाइन!”

डॉक्टर तेव्हा काही बोललाच नव्हता.

नोकरीतून काढून बंदरावर उतरवण्याआधी मामा माझ्याकडे आले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी स्वतःच नजर दुसरीकडे वळवली. ते ऐकायचं नाही म्हणायला त्यांना तेवढंच पुरे होतं. मग माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले. मी बरोबर केलं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. त्याने लाज काही कमी झालेली नाही.

पुढच्या वर्षी माझी मुदत संपली. पिंपरीला एक नवा कारखाना निघाला होता, त्याच्या दवाखान्यात लागलो. तिथेही बॉयलर होता. मी साहेबाकडे मामांसाठी शब्द टाकला. साहेब म्हणाला, अनुभव उत्तम आहे, फक्त कान-डोळे तपासून घेऊ. मी बरं म्हणालो आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

एका रविवारी सायकल घेतली आणि मोशीवरून निघोज्याला गेलो. मामा ओसरीवर बसून दोर वळत होते. मला पाहून एवढ्या मोठ्याने ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दीड तास ते एकटेच बोलले, जहाजाचं, आचाऱ्याचं, रत्नागिरीकराच्या हाताचं. मग शेंगा आणायला मळ्यात गेले. ते गेले तशी दाराआडून त्यांची बायको बोलली. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, एक टोक दातात.

“भावजी, एक इचारू का? जहाजावर व्हते तवा महिन्याला कागद यायचा. मास्तर वाचून दावायचे, आमी उत्तर लिव्हून घ्यायचो. समदं कळायचं. आता रोज पुढ्यात बसत्यात, पर माझा एक सबूद त्यांना कळत न्हाई.”

“वहिनी, पदर बाजूला करा आणि त्यांच्याकडे पाहून बोला. त्यांना सगळं कळेल.”

त्यांनी चुलीकडे पाहिलं. तिथे सासूबाई बसल्या होत्या, वाटाणे सोलत, कान आमच्याकडे लावून. “आत्याबाईंच्या म्होरं?” वहिनी म्हणाल्या. “आन् सपरात जागा ती केवढी. त्या कवा न्हाईत घरात?”

मी आरमारात चार देशांची बंदरं पाहून आलेला माणूस, आणि त्या चुलीपासून ओसरीपर्यंतच्या सहा पावलांचं मला काही करता आलं नाही. मामा शेंगा घेऊन आले आणि लगेच म्हणाले, “काय म्हणत व्हती?” त्यांनी लांबून पदर हललेला पाहिला होता.

या वेळी मी ओठ मिटले नाहीत. जे त्या म्हणाल्या ते सगळं सांगितलं, अगदी हळू, एकेक शब्द. मामा शेंगा फोडत राहिले. खात नव्हते, नुसत्या फोडत होते.

नंतर दोन-तीन महिने मला जायला जमलं नाही. गेलो तेव्हा ओसरीवर मामांची आई मला पाहताच कुरकुरायला लागली, “बघ बाबा तुझ्या मामाला. घरात बसून घरालाच कागद धाडतोय. चाकणला चालत जातो पेटीत टाकाया. येड लागलं.” आतल्या चौकटीशी शाळेचे मास्तर मांडी घालून बसले होते. नुकतंच आलेलं कार्ड त्यांच्या हातात होतं आणि ते मोठ्याने वाचत होते. अक्षर मामांचं. “इकडील सर्व क्षेम आहे. पाठ जरा धरली आहे, काळजी नसावी. तुझी खुशाली कळवणे.” वहिनी दाराआड उभ्या होत्या, मामा ओसरीवर माझ्या शेजारी. कागदाच्या रीतीला त्या घरात कुणाची हरकत नव्हती. ती सगळ्यांच्या सवयीची होती, सासूबाईंच्याही.

वाचून झालं तसं मास्तरांनी कोरं कार्ड गुडघ्यावरच्या पाटीवर ठेवलं आणि टाक बुडवला.

मी मामांना म्हटलं, “अहो, निदान हे उत्तर तरी हातात घ्या. इथेच तर बसलायत तुम्ही.”

“छ्या,” मामा म्हणाले. “टपालानं येऊ दे. परवा येईल.”

आणि ते मास्तरांच्या हाताकडे पाहू लागले. वहिनी खाली पाहून सांगत होत्या, मास्तर लिहीत होते. मला सगळं ऐकू येत होतं. म्हैस आटली आहे. धाकटीचा ताप उतरला. पाठीला तेल लावत जावं. टाक थांबला की मामांचा चेहरा उतरायचा, पुन्हा चालू लागला की ते मला कोपराने ढोसायचे.

मग वहिनी म्हणाल्या, “शेवटी लिवा मास्तर, नेहमीचंच. घरी कवा येताय ते कळवा.”

मी पटकन अंगणाकडे तोंड केलं. माझ्या चेहऱ्यावरून मामांना काही कळायला नको होतं.

“बघितलंस?” मामा हरखून म्हणाले. “अजून लिव्हतोय.”