पहिल्या घाण्याचा घास

बेकरीत तिला सगळे तोफ म्हणत. आवाज तसा होता आणि समोर कोण आहे हे न बघता डागायची सवयही. तीस वर्षं ती तिथे पाव भाजत होती. तिचा एक नियम भल्याभल्यांना मोडता आला नव्हता. प्रत्येक घाण्यातला पहिला पाव ती मोडायची, गरम कोपरा तोंडात टाकायची, डोळे मिटून चावायची आणि मगच म्हणायची, "जाऊ दे." तोवर एकही पाव गाडीत चढत नसे. नियम वडिलांचा. तेही भट्टीवरच होते. आपण खाल्लं नाही ते दुसऱ्याला विकू नये, एवढं एकच शास्त्र त्यांना येत होतं.

यंदाच्या आरोग्य तपासणीला एक नवाकोरा डॉक्टर आला. काट्याकडे बघून म्हणाला, "एक्क्याण्णव. वर रक्तदाब. भट्टीपुढे राहायचं तर तीन महिन्यांत दहा किलो उतरवा. नाहीतर पॅकिंगच्या टेबलावर बसा."

बसा! तीस वर्षं उभी असलेल्या बाईला!

"दहा कशाला? पंधरा उतरवून दाखवते," तोफ धडाडली.

घरी नणंद टपलेलीच होती. स्वतः बारा किलो उतरवल्यापासून ती दुसऱ्याच्या ताटात डोकावल्याशिवाय जेवत नव्हती.

"वहिनी, पाव, भात, बटाटा, डाळी, फळं, सगळं बंद. अंडी, मांस, चीज, लोणी मात्र पोटभर."

"लोणी खाऊन बारीक व्हायचं, वन्सं?"

"मला बघा की!"

"बघतेय. जीभ तेवढी बारीक झालेली दिसत नाही."

टोमणा मारला खरा, पण दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू केलं. पाच आठवड्यांत आठ किलो गेले. कपडे ढगळ झाले, बेकरीतल्या बायका पाठ थोपटू लागल्या. डोकं ठणकतं, पिंढऱ्यांत गोळे येतात, तोंडाला वास मारतो आणि पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही, हे तिने कुणाला सांगितलं नाही. पैज मारणाऱ्याने कण्हायचं नसतं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. स्वभावही तसाच, बारीक आवाजाचा. तो म्हणाला, "अगं, आपल्या डॉक्टरीणबाईंना विचार तरी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत तुझ्या."

"गोळ्यांचा आणि पावाचा काय संबंध? तू तुझे काटे बघ!"

पहिल्या घाण्याचा घास अर्थातच बंद झाला. ती पाव नुसता मोडायची, नाकाशी धरायची आणि म्हणायची, "जाऊ दे." वासावरून कळतं, असं स्वतःला बजावायची. तिला विचारायची छाती कुणाला होती?

सातव्या आठवड्यात एके सकाळी दोनशे चाळीस पाव गेले आणि दहाच्या आत परत आले. मालकाने एक तुकडा चावला. या मालकाला तिने लहानपणी टेबलावर बसवून पाव भरवला होता.

"मावशी, यात मिठाचा कण नाही. तुम्ही खाऊन पाहिला नाहीत?"

तोफेत दारूच उरली नव्हती. पीठ मळायच्या यंत्रामागच्या फळीवर तिने स्वतः मोजलेला मिठाचा डबा जसाच्या तसा भरलेला होता. आपण तो तिथे ठेवून विसरलो, हेही तिला आठवत नव्हतं. रागाने ती खालच्या कप्प्यातला घाणा काढायला वाकली, झटक्यात उभी राहिली, आणि सगळं काळं झालं. सावरायला हात टेकला तो भट्टीच्या दारावर.

डॉक्टरीणबाईंनी हाताला पट्टी बांधली आणि रक्तदाब दोनदा मोजला. नव्वद, खालचा छप्पन्न.

"पीठ-साखर एकदम तोडलं की शरीर पाणी आणि मीठ सोडतं. सुरुवातीला उतरलेलं बरंचसं वजन ते पाणीच. तुमची एक गोळीही पाणीच काढते. पाव सोडलात, पण गोळ्यांना कोण सांगणार?"

"नणंदेला तर काही झालं नाही."

"तिला गोळ्या नाहीत. काहींना हे जमतंही. पण औषधं चालू असताना विचारल्याशिवाय नाही. आता रक्त तपासू, मूत्रपिंडं बघू. गोळ्या मी बदलते. आणि थोडा पाव, डाळ, भाज्या, फळं सुरू करा. वजन सावकाश उतरू दे."

"सावकाश म्हणजे तीन महिन्यांत नाही."

"तीन महिने कुणाचे? त्या काट्याचे की तुमचे?"

ती घरी आली. नणंदेने नाक मुरडलं, "आता पाव सुरू म्हणजे हरलात की हो!"

"हरले तर हरले, वन्सं. चक्कर येऊन जिंकायचं नाही मला."

तीन महिने भरले. काटा पंच्याऐंशीवर थांबला. तपासणीच्या डॉक्टरने कागदावर रेघ ओढली. "चार किलो राहिले. टेबल."

तोफ काट्यावरून उतरली नाही. तिथूनच तिने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी त्याच्यापुढे टाकली. "रक्तदाब मोज आधी. मग ही वाच. मी गोळ्या खाते, हे तुझ्याच कागदावर लिहिलंय. उतरवा म्हणालास, कसं ते सांगितलंस? मी विचारलं नाही, ती माझी चूक, माझा हात भोगतोय. तुझी कोण भोगणार?"

त्याने तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे चोवीस, खालचा ऐंशी. चिठ्ठी त्याने दोनदा वाचली. मालक दारात उभा होता.

"मावशी, नियम..."

"नियमाचं मला सांगू नकोस. माझा नियम मोडला तेव्हा दोनशे चाळीस पाव फेकलेस तू. टेबलावर बसव मला, खुशाल बसव. पण पहिला घास कोण खाणार, त्याचं नाव सांग."

मालकाने डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने चिठ्ठीकडे. मग कागदावरची रेघ खोडत तो पुटपुटला, "दर महिन्याला रक्तदाब दाखवायचा. वजनाला अजून सहा महिने."

"सहा की सोळा, ते डॉक्टरीणबाई सांगतील," म्हणत ती काट्यावरून उतरली. आत घाणा तयार होता. तिने पाव मोडला, कोपरा तोंडात टाकला, डोळे मिटले. चावायला नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावला. गाडीवाला ताटकळत राहिला.

"जाऊ दे," ती म्हणाली.