पडद्यावरचं जिनिंग

तुम्ही दोघं तिकडे दिवसभर संगणकासमोर बसता, म्हणून आपल्या घरातल्या पहिल्या संगणकाची गोष्ट सांगते. नव्वदच्या आसपासची.

जिंतूर रस्त्यावर आपलं जिनिंग होतं, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. रविवारी वजनकाटा बंद, त्यामुळे सोमवारी पहाटेच सगळ्या बैलगाड्या येत आणि रांग पार रस्त्यावर जाई. तुमच्या आजोबांचं मत, यंत्रं कमी पडतात, आणखी घ्यायची. बसवायची कुठे? तर माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे मी मुलींना इंग्रजी शिकवत असे.

पैसे घालण्याआधी कारखाना संगणकावर चालवून पाहता येतो, असं त्यांच्या कानावर आलं. मग दोन प्रोग्रामवाले आले, एक पुण्याचा, एक हैदराबादचा. माहितीपुस्तकं इंग्रजीत, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी ते आनंदाने घेतलं. शेड माझी होती.

पुणेकराच्या पडद्यावर रंगीत गाड्या तुरुतुरु आत जात आणि रिकाम्या होऊन बाहेर पडत. आजोबा खुर्ची पुढे ओढून बसले.

"यात तर कुणी थांबतच नाही," ते म्हणाले. "असं जिनिंग कुठे विकत मिळत असेल तर तेच घेऊ."

"अहो, आधी दोघांनाही मागचा सोमवार करून दाखवायला सांगा," मी म्हटलं. "रांग कुठवर गेली होती ते आपल्याला ठाऊक आहे."

पुणेकराच्या प्रोग्रामला गाड्या ठरावीक अंतरानेच आलेल्या चालत. रांग काही लागेना. हैदराबादवाल्याकडे नुसते हिरवे आकडे, पण त्याने आधी मला विचारलं, "बाईसाब, गाड्यां सब एकदम आते क्या?"

एकदमच, मी सांगितलं. मग त्याची रांगही आपल्यासारखी रस्त्यावर गेली. त्याने यंत्रं दुप्पट केली, रांग तेवढीच. एका काट्याचे दोन केले, तर दुपारच्या आत ओसरली. भरलेली गाडी आणि पुन्हा वजनाला येणारी रिकामी, दोन्ही एकाच काट्यावर अडत होत्या.

तोच प्रोग्राम घेतला, संगणकासकट. रंगीत गाड्यांची हळहळ आजोबांना बरेच दिवस होती.

शेड वाचली. फक्त दुसरा काटा नेमका तिच्या खिडकीखाली बसला. सोमवारी मी आत क्रियापदं घ्यायची, बाहेर मुकादम वजनं ओरडायचा, आणि मुली ती इंग्रजीत म्हणून दाखवायच्या. क्रियापदांचं जाऊ द्या, अंक मात्र सगळ्यांचे पक्के झाले.