साहेबांनी सरळ केलेल्या पट्ट्या

"पट्ट्या कोणी हलवल्या?" मी विचारलं.

रंगाऱ्यांचा मुकादम खांबांकडे बघत खुशीत म्हणाला, "हलवल्या नाई मॅडम, सरळ केल्या. साहेबाले एका लाईनीत, सारख्या अंतरावर पाहिजे होत्या. परवा पाहुणे येऊन राह्यले ना."

चंद्रपूरकडच्या एका कागद कारखान्यात मी तेव्हा इंजिनियर होते. सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. गोडाऊनमध्ये अवजड रोल वाहायला बिनड्रायव्हरची गाडी आली होती. पत्र्याच्या छताखाली जागा सांगणारं सॅटेलाइट चालत नाही. म्हणून गाडीच्या डोक्यावर फिरणारा लेझर आणि खांबांवर चमकत्या पट्ट्या. पट्ट्यांवरून लेझर परततो, त्यावरून गाडी आपली जागा ओळखते. पट्ट्यांच्या जागा नेमक्या मोजून गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवायच्या, हे कॅलिब्रेशन. पट्ट्या मुद्दाम कमी-जास्त अंतरावर लावायच्या असतात. रचना सगळीकडे सारखी झाली, की गाडीला सगळ्या गल्ल्या एकच वाटतात.

हे मी जनरल मॅनेजरना आधीच सांगितलं होतं. पण साहेब जपानला जाऊन आले होते, त्यामुळे त्यांना काही सांगायची सोय नव्हती.

"किती घाण दिसत होतं ते! आता परत मोजा, झालं," साहेब म्हणाले.

मोजलं. आकडे बिनचूक. गल्ल्यांतली माणसं बाहेर काढून ट्रायल घेतली. गाडीला दुसऱ्या गल्लीत जायला सांगितलं. ती शांतपणे तिसरीत शिरली आणि रोलला बंपर टेकल्यावर थांबली. स्क्रीनवर मात्र ती दुसऱ्याच गल्लीत, सगळे दिवे हिरवे. इतका पोकळ आत्मविश्वास मी त्याआधी फक्त मीटिंगमध्ये पाहिला होता.

रोल बांधणारे इस्माईलभाई बाजूला उभे होते. "मॅडम, तिसऱ्या गल्लीत तर मी बसतो. मले आता कुठी बसवता?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "स्क्रीनवर बरोबर दाखवतेय ना?"

"दाखवते."

"मग पाहुण्यांना स्क्रीन दाखवू. गाडी चालवा."

"सर, तुम्ही तिसऱ्या गल्लीत उभे राहा. मी चालवते."

साहेब एक पाऊल मागे सरले. "उगाच ड्रामा नको."

मी मोटरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. आता लेझर फिरला असता, चाकं नाही. मी अजून नोकरीत कायम व्हायची होते.

उद्घाटन थाटात झालं. लेझरचं डोकं गरगर फिरत होतं. साहेब ऑटोमेशनवर बोलत होते. पाहुण्यांनी गाडीला हार घातला, टाळ्या वाजवल्या. गाडी जागची हलली नाही, हे एकालाही खटकलं नाही.

ते गेल्यावर मी पट्ट्या उखडून विस्कटून लावल्या, पुन्हा मोजल्या. पहिल्याच फेरीत गाडी दुसऱ्या गल्लीत गेली. इस्माईलभाई तिसरीत परत बसले, पण गाडी जवळ आली की उठून उभे राहायचे. "तुमच्यावर भरोसा हाय मॅडम, तिच्यावर नाई."

मला "सहकार्य करत नाही" असा शेरा मिळाला, साहेबांना बढती. लेझरला आपण कुठे आहोत हे कळायला निदान तीन पट्ट्या दिसाव्या लागतात. साहेबांना एक खुर्ची पुरली.