मुखपृष्ठाची चौकट

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. मी तेव्हा बसस्टँडजवळच्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं काम करायची. दिवसभर लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. पण माझा खरा जीव होता गुरुजींच्या त्रैमासिकात. गुरुजी म्हणजे निवृत्त संगीतशिक्षक. आपल्या भागातली भजनी मंडळं, भीमगीतांच्या गायन पार्ट्या, तांड्यावरची गाणी, यांच्याबद्दल कुठंतरी नीट छापून यावं, एवढाच त्यांचा ध्यास होता.

पहिले तीन अंक मी एकटीने सजवले. अंक कसा दिसावा याचे नियम मला दिवाळी अंक चाळून पाठ झाले होते. वर लाल अक्षरांत नाव, चारी बाजूंनी वेलबुट्टीची चौकट, मधोमध गायकाचा फोटो आणि त्याच्या हातात तंबोरा. शिरड शहापूरच्या भजनी बुवांनी जन्मात तंबोरा धरला नव्हता. मी गुरुजींच्या घरचा आणून त्यांच्या मांडीवर दिला. दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखे बुवा त्या फोटोत अवघडून बसलेत. तरी लोक म्हणाले, अंक अगदी पुण्याहून छापून आल्यासारखा दिसतो. मी आठवडाभर हवेत होते.

चौथ्या अंकाला ती आली. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची पोरगी, नांदेडला चित्रकला शिक्षकाचा कोर्स करून आलेली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. अंक तिच्याच तांड्यावरच्या एका म्हातारीवर होता. लग्नात नवरीने रडत म्हणायची गाणी या बाईने तांड्यावरच्या कितीतरी पोरींना शिकवली होती. गुरुजींनी मुखपृष्ठ परस्पर त्या पोरीला सांगितलं. मला विचारलंसुद्धा नाही.

तिने आणलेला फोटो बघून मी हसले. म्हातारीचे डोळे मिटलेले, तोंड उघडं, दात पडलेले. एक हात कानावर, तोही पार कागदाच्या कडेला. कपाळ वरून कापलेलं. चौकट नाही. त्रैमासिकाचं नाव खाली कोपऱ्यात, काळ्या बारीक अक्षरांत.

"नाव खाली कोण टाकतं?" मी म्हटलं.

"याडी गायला लागली की आधी तीच दिसते ना ताई," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. सगळा तांडा म्हातारीला तसंच म्हणायचा.

गुरुजींनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "ह्ये गाऊन राहिलंय," ते म्हणाले. माझ्या तीन अंकांना ते 'छान' म्हणाले होते. फक्त छान.

आतल्या पानावर तर तिने गाण्याच्या ओळी सरळ रकान्यात लावल्याच नव्हत्या. जिथं सूर लांबतो तिथं शब्दही लांबवून शेजारच्या पानापर्यंत नेला होता. मी मनातल्या मनात वाचून पाहिलं, तर माझाही श्वास त्या शब्दामागे ओढला गेला. हे मला का सुचलं नाही? इतकी वर्षं पानं जुळवतेय मी.

छपाईच्या दिवशी ती गावी गेली होती. मी कॉम्प्युटरवर मुखपृष्ठ उघडलं, माझी वेलबुट्टीची चौकट टाकली, नाव वर घेऊन लाल केलं. चौकटीत बसेना म्हणून फोटो कडेने कापला. छापखान्याच्या मालकांनी विचारलं, "गुरुजींना ठाऊक हाय ना?"

"व्हय, त्यांनीच सांगितलं," मी म्हटलं.

छापलेला अंक गुरुजींनी उलटा करून ठेवला. त्यांना वाटलं, पोरीनेच आयत्या वेळी बदललं असेल. मी त्यांना तसंच वाटू दिलं. दोन दिवसांनी आम्ही तांड्यावर अंक द्यायला गेलो. ती पोरगी तिथंच होती. तिने मुखपृष्ठ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अंक म्हातारीला दिला.

म्हातारीने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "माझा हात कुठं गेला?" तिने विचारलं. "कानावर हात न्हाई तर मी गाऊ कशी?"

तिथं बसलेल्या बाया हसल्या. म्हातारी हसली नाही. ती खरंच विचारत होती.

"मी कापला," माझ्या तोंडून निघालं. "हिनं बराबर केलं होतं. मी बदललं."

गुरुजी माझ्याकडे वळले. "बदललंस त्याचं काही न्हाई. पण माझं नाव काहून घेतलंस?" म्हणजे मधल्या दोन दिवसांत मालकांशी त्यांचं बोलणं झालं होतं.

पोरीने घरातून मूळ फोटो आणून म्हातारीच्या मांडीवर ठेवला. ती मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर मला तिचा राग करणं सोपं गेलं असतं.

पुढचे दोन अंक तिने सांगितले तसे मी जुळवले. ती शेजारी बसून "ताई, इथं कोरंच राहू द्या" म्हणायची, आणि ती जागा कोरी राहिली की पान खरोखर उघडायचं. मी शिकत होते आणि जळत होते, दोन्ही एकाच खुर्चीत बसून. मग तिला लांबच्या शाळेत नोकरी लागली.

सातवा अंक माझ्या एकटीवर आला. कनेरगाव नाक्याचा एक बँडवाला, क्लॅरिनेट वाजवणारा. मी त्याला कसल्याच पोझमध्ये बसवलं नाही, मिरवणुकीतला झगमगीत ड्रेससुद्धा घालायला लावला नाही. फुगलेले गाल आणि क्लॅरिनेटवरची बोटं एवढंच घेतलं, बाकी पान काळं सोडलं. चार वेळा मोडलं, पाचव्यांदा जमलं.

गुरुजींनी ते खूप वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"वा!" ते म्हणाले. "अगदी तिनं केल्यासारखं झालंय."

मी त्यांच्या पाया पडले आणि आत मशीनकडे गेले. पहिला कागद बाहेर येत होता. मालकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "चेहरा असा काहून?"

"शाईचा वास चढला," मी म्हटलं.