मागची बॅटरी

धक्कामास्तरला गाडी बंद पडल्याचं दुःख कधी झालंच नाही, हे आधी सांगून टाकलेलं बरं. उलट, गाडी बंद पडली की या माणसाचा चेहरा खुलायचा. सगळी हयात बसडेपोच्या वर्कशॉपात गेलेली. तळहाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. उजवा कान हातोड्यांच्या दणदणाटात कधीच कामातून गेलेला आणि डावाही त्याच वाटेवर. कसलीही मेलेली बस असो, हा गडी धक्का मारून का होईना तिला उठवणारच, म्हणून वर्कशॉपातल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

रिटायर झाल्यावर मात्र त्याचे हात शिवशिवायला लागले. आज नळ खोल, उद्या पंखा उतरव, परवा चांगला चालणारा मिक्सर खोलून टेबलभर मांडून ठेव. बायको म्हणाली, "अहो, आता घरात फक्त मलाच खोलायचं राहिलंय." मग एक दिवस तीच म्हणाली, "जन्मभर लोकांच्या गाड्या रस्त्याला लावल्यात, आता मला न्या की कुठंतरी."

झालं! त्यानं भंगारात निघालेली एक व्हॅन आणली आणि अंगणात तिचं घर करायला घेतलं. आत पलंग, दोन बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. आणि पलंगाच्या उशाशी एक छोटा फ्रिज. हा फ्रिज काही थंड सरबताची चैन म्हणून नव्हता. बायकोला मधुमेह, तोही जुना आणि हट्टी. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचल्याशिवाय तिचा दिवस पुढे सरकत नसे. ते औषध गार राहिलं तर औषध, नाहीतर पाणी. म्हणून त्यानं गाडीत दोन बॅटऱ्या बसवल्या. पुढची इंजिनासाठी आणि मागची घरासाठी, म्हणजे मुख्यतः त्या फ्रिजसाठी. मागची बॅटरी कोरी करकरीत. बायकोला दाखवून म्हणाला, "ही तुझी. हिला कुणी हात लावायचा नाही."

लेक राहायची राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्याकडे रमतगमत जायचं ठरलं.

गाडीनं पहिल्याच चढावर रंग दाखवला. रेडिएटरचा पाइप फुटला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. मास्तरनं जुन्या ट्यूबची पट्टी कापली, पाइपावर आवळली, वर तार पिळली आणि पाणी ओतून गाडी चालू केली. पुढे डिझेलच्या नळीत हवा धरली. मग क्लचची वायर तुटली. दर वेळी हा गाडीखाली आणि ही बाहेर छत्री धरून, हातात पाने घेऊन. "बारा नंबर," तो खालून ओरडायचा. "हा घ्या बारा नंबर," ती म्हणायची, "गाडी चालते कमी आणि लोळते जास्त. अगदी मालकाच्या वळणावर गेलीये." दोघंही हसायचे. खरं सांगायचं तर संसारात इतका वेळ एकमेकांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलेला. तिचा चेहरा उन्हानं रापला होता, पण लग्नात दिसली नसेल इतकी ती खुशीत होती.

मग ते माळरान लागलं. झाड नाही, झुडूप नाही, नुसता डांबराचा पट्टा आणि वर आग ओकणारं ऊन. चहासाठी गाडी थांबवली, परत किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं कण्हलं. पुढची बॅटरी बसली होती. दोघांच्या वयाला गाडी ढकलणं झेपणारं नव्हतं. एक ट्रक येऊन थांबलासुद्धा. ड्रायव्हर म्हणाला, "काका, वायर जोडून चालू करून देतो, गावात नवीन बॅटरी घ्या." पण धक्कामास्तरची गाडी आणि दुसऱ्यानं चालू करायची? छे! "तुम्ही व्हा पुढे," म्हणून त्यानं ट्रकवाल्याला वाटेला लावलं.

आणि मग त्यानं ते केलं. मागची दणकट बॅटरी काढून पुढे लावली, पुढची बसलेली नेऊन मागे जोडली. चालत्या इंजिनावर ती आपोआप भरेल, असा हिशेब. वर्कशॉपात आयुष्यभर हेच तर केलं होतं. आधी गाडी हलली पाहिजे, बाकीचं मागाहून. इंजिन एका फटक्यात गरजलं. त्यानं फ्रिज उघडून पाहिला. आतला दिवा लागला होता. त्यानं समाधानानं दार लावलं.

आता बघा, डेपोत कुणी ड्रायव्हर येऊन म्हणाला असता की दिवा लागतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे, तर मास्तरनं त्याची बिनपाण्यानं केली असती. दिवा तर मरणाऱ्या बॅटरीवरही लागतो. कस लागतो तो मोटर फिरवायला. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ते ज्ञान होतं गाड्यांसाठी. फ्रिज म्हणजे घरातली वस्तू, स्वयंपाकघरातली, बायकोची. तिथं त्याचं डोकं चाललंच नाही. दिवा लागत राहिला आणि फ्रिजची मोटर काही फिरली नाही. ती बॅटरी आतून सडलेली, कितीही चालवा, भरणार कुठून?

मोटर बंद असल्याचं ऐकू यायला त्याला कान नव्हते. तिला होते. सकाळी ती म्हणाली, "काल काय छान झोप लागली! एरवी उशाशी ते घुर्र घुर्र चालू असतं." त्याला बरं वाटलं.

वाटेत गावं लागली, बॅटरीची दुकानंही लागली. गाडी धडधडत चालली होती, मग थांबायचं कशाला? लेकीकडे पोचलो की निवांत घेऊ. एका संध्याकाळी इन्सुलिनची बाटली काढताना ती म्हणाली, "अहो, हे जरा कोमट लागतंय का?"

"बाहेर भट्टी पेटलीये. तुला आता सगळंच कोमट लागणार," तो म्हणाला. "दिवा लागलाय ना? मग! चाळीस वर्षं काय मी गवत उपटत होतो?"

तिनं औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं. गाडीतलं त्याला कळतं, आपल्याला काय कळतंय, हेच ती मनाशी म्हणाली असणार. बोटातून रक्त काढून तपासलं तर साखर वर गेलेली. पण तिनं पेट्रोलपंपावर त्याच्या नकळत गोड बिस्किटांचा पुडा संपवला होता. आपलीच जीभ नडली असं समजून तिनं ते त्याला सांगितलंच नाही. गुपचूप औषध थोडं वाढवून टोचलं. पाणी ते पाणीच, वाढवून काय होणार? तहान वाढली. पाण्याची बाटली तोंडावेगळी होईना. मग उलट्या सुरू झाल्या. वळणाच्या रस्त्यानं होतंय, असं दोघांनाही वाटलं. शेवटी ती पलंगावर पडून धाप लागल्यासारखी खोल खोल श्वास घ्यायला लागली. श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत होता. हाक मारली तर डोळे उघडेनात. तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

हॉस्पिटलपर्यंत व्हॅन कशी पळाली म्हणता! एक चढ अडला नाही, एक गिअर रुसला नाही. इतकी गुणी ती कधीच वागली नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तिला आत घेतलं, बाहेर येऊन औषध मागितलं. त्यानं धावत जाऊन बाटली आणून दिली. बाईंनी ती मुठीत धरली आणि त्याच्याकडे बघितलं.

"काका, ही कुठं ठेवली होती?"

"फ्रिजमध्ये. चालू फ्रिजमध्ये."

"ही गरम आहे, काका."

तो तरातरा गाडीकडे गेला. बाईंना खोटं पाडायचं होतं त्याला. फ्रिज उघडला, दिवा होताच. मग त्यानं हात मागे घालून मोटरवर तळवा टेकवला. ज्याला ऐकू येत नाही तो इंजिन असंच ओळखतो, हातानं. मोटर गाडीच्या पत्र्याइतकीच तापलेली होती आणि तिच्यात जराही थरथर नव्हती. तो तिथंच पलंगाच्या कडेला बसला. अरे देवा, मी काय करून बसलो, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याचा आवाज फार मोठा होता. आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्याला कळत नसे. बाहेर माणसं थबकून बघायला लागली.

बायको शुद्धीवर आलीच नाही. लेक येऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

लेक रडून रडून थकली आणि त्याच्याजवळ बाकावर येऊन बसली. नातेवाइकांचे फोन येत होते आणि ती प्रत्येकाला सांगत होती, वाटेत गाडी बंद पडली, औषधपाण्याला उशीर झाला. तिनं बापाच्या खांद्यावर हात टाकला. त्याच्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, स्वतःला दोष देऊ नका. गाडी तरी किती जुनी! बंद पडली, तुम्ही काय करणार?"

आयती पळवाट होती. हो म्हटलं असतं तर जन्मभर कुणी विचारलं नसतं. लेकीकडे म्हातारपण सुखात गेलं असतं. त्यानं मानही हलवली, हो म्हणायलाच. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"गाडी चालूच होती गं. ती चालू राहावी म्हणून मी तुझ्या आईची बॅटरी काढली. फ्रिजची."

लेकीला आधी कळलंच नाही. त्यानं सगळं सांगितलं. ट्रकवाल्याचं, दुकानांचं, सगळं.

"आईला माहीत होतं?"

"तिनं विचारलं मला. औषध कोमट लागतंय म्हणाली."

"मग?"

"मी तिला गप्प केलं."

 लेकीनं त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.