डबल बेल

अण्णांनी आयुष्यभर लाल बस चालवली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण एक सवय गेली नाही. डबल बेल मिळाल्याशिवाय ते गाडी हलवत नाहीत. आमच्या घरच्या छोट्या गाडीत कंडक्टर नाही, दोरी नाही, घंटाही नाही. ते काम आईकडे. ती डाव्या सीटवर बसते, पदर सावरते, पिशवी पायांपाशी ठेवते आणि डॅशबोर्डवर दोनदा टकटक करते. मग गाडी निघते. एकदा मामा पुढे बसला होता, त्याला हा नियम माहीत नव्हता. पाच मिनिटं दोघं अंगणात इंजिन चालू ठेवून बसले. मामाला वाटलं, इंजिन गरम करताहेत. अण्णांना वाटलं, मामाला जायचं नाही.

गेल्या उसाच्या हंगामात दोघं एका लग्नाहून परत शेवगावला येत होते. दिवस मावळला होता. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि मागच्या ट्रॉलीला दिवा म्हणून काही नाही. अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण तिच्या मर्जीनं थांबली. तोवर बॉनेट लोंबणाऱ्या उसाखाली गेलं होतं आणि शेंड्याच्या वाढ्याची पानं काचेला लागली होती. कुणाला खरचटलं नाही. ट्रॅक्टरवाला उतरला, त्यानं सगळीकडून पाहिलं, आपल्याच ट्रॉलीतून दोन ऊस उपसले आणि आईच्या हातात दिले. त्याच्या हिशेबी विषय मिटला.

आई ते ऊस मांडीवर धरून घरापर्यंत आली. अंगणात उतरली, ऊस भिंतीला टेकवून ठेवले आणि म्हणाली, "आता तुमच्या गाडीत मी बसायची न्हाई."

आईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती रिक्षानं बाजारात जाऊ लागली. ऊस कुणी खाल्ले नाहीत, ते तिथेच वाळले. अण्णा रोज सकाळी गाडीत जाऊन बसायचे, इंजिन चालू करायचे, दहा मिनिटं समोर बघायचे आणि बंद करून परत यायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचे. एकदा मीच शेजारी जाऊन बसले आणि दोनदा टकटक केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुजी ड्यूटी न्हाई," म्हणाले आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

घरात आम्ही तिघंच. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण आकृती काढून सुटते असा माझा जुना समज आहे. आईला गाडीत बसवायचं तर गाडी थांबली पाहिजे. गाडी थांबवायची तर ब्रेकची चकती, म्हणजे डिस्क, मोठी पाहिजे, कारण चकती जितकी मोठी तितकं कमी जोर लावून काम होतं, आणि अण्णांचा उजवा गुडघा आता सत्तरीचा आहे. त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीच्या डिस्क आमच्या गाडीला बसतात, हे मी इंटरनेटवर शोधून काढलं. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, बसंल, पन जबाबदारी तुमची." जबाबदारी माझीच असेल तर पाने तरी त्याचे कशाला? मी सामान मागवलं आणि जॅक, स्टँड, पाने घेऊन अंगणात उतरले.

सोबत तीन मीटरही मागवले होते: एक इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा, एक ऑइलच्या दाबाचा, एक बॅटरीचा. अण्णांना आता कमी ऐकू येतं. हे त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते हल्ली लोकच हळू बोलतात. पण आयुष्यभर त्यांनी इंजिन कानानं चालवलं, आणि आता ते तापलं काय किंवा खडखडलं काय, त्यांना कळत नव्हतं. जे ऐकू येत नाही ते दिसावं, एवढाच माझा विचार.

"काटे कशाला?" अण्णा म्हणाले. "इंजिन सांगतंय की मला."

"काय सांगतंय?" मी विचारलं.

"आं?" अण्णा म्हणाले.

मीटर लावायला दोन रविवार गेले. वायरी इंजिनाकडून आत आणायच्या तर मधल्या पत्र्यात एक रबरी भोक असतं, त्यातून त्या ओवाव्या लागतात. माझ्या वायरी पत्र्याच्या मागे कुठेतरी जाऊन गप्प बसत होत्या. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तासाभरानं तिला राहवलं नाही. परकराला नाडी ओवायची पिन घेऊन आली, वायरीचं टोक तिला अडकवलं आणि दोन मिनिटांत तिन्ही वायरी आत काढून दिल्या. "मी बसायची न्हाईच," जाता जाता म्हणाली, "पन नाडी ओवायला काय हुतं?" इंजिन चालू केल्यावर तिन्ही काटे उठून उभे राहिले. अण्णा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.  मग त्यांच्या काचांवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

ब्रेकलाही दोन रविवार. पहिल्या रविवारी जुन्या चकत्यांचे गंजलेले स्क्रू मी सोडवत होते, म्हणजे त्यांना शिव्या देत होते. दुसऱ्या रविवारी नव्या डिस्क चढवल्या. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा हात येतो. तो काढला नाही तर ब्रेक घसरतो. मी पेट्रोलच्या फडक्यानं त्या तीनदा पुसल्या, आणि अण्णा खुर्ची टाकून तिन्ही वेळा बघत होते. मग ब्रेक ऑइलच्या नळ्यांतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात: एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बसून नळीचा स्क्रू उघडायचा आणि मिटायचा. ओरडून अण्णांना ऐकू येणार नव्हतं. मग ठरलं: पत्र्यावर एक ठोका म्हणजे दाबून धरा, दोन ठोके म्हणजे सोडा. बसच्या घंटेचाच नियम. एकाला थांबा, दोनाला चला.

अण्णा सीटवर बसले आणि एकदम वीस वर्षांनी लहान झाले. मी एक ठोका दिला की पाय खाली, दोन दिले की वर. तास-दीड तास हे चाललं. गुडघा दुखत असणार, पण तो पाय एकदाही चुकला नाही, एकदाही लवकर सुटला नाही. पेडल दगडासारखं घट्ट झालं तेव्हा अण्णा म्हणाले, "झालं. आता ती बसंल." इतक्या महिन्यांत त्यांनी आईचा विषय पहिल्यांदा काढला. मला इतका आनंद झाला की उजेड असूनही मी चाकं लावायची उद्यावर ठेवली आणि आत जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूची पूजा होते. विळा, खुरपं, कोयता, अडकित्ता, कात्री, शिवणयंत्र. आई पहाटे उठून सगळं धुते, पुसते, गंज धरू नये म्हणून करडईच्या तेलाचा हात फिरवते आणि हळद-कुंकू लावते. यंदा माझे पानेही ओळीत मांडले होते. गाडी स्टँडवर उभी, पुढची दोन्ही चाकं काढलेली. मी चाकं चढवायला गेले तेव्हा डिस्कच्या मधल्या टोपीवर कुंकवाची बोटं दिसली. बरं वाटलं. म्हटलं, आई निवळली. करडईच्या तेलाचा वासही आला, पण सणाच्या दिवशी आमच्या घरात तेलाचा वास येणारच. नट आवळले, जॅक काढला.

पहिली चक्कर अण्णाच मारणार, यात चर्चा नव्हतीच. आई ओट्यावर उभी राहिली. बसली नाही, पण उभी राहिली. डबल बेल मी पत्र्यावर वाजवली. चाचणीपुरती ती त्यांनी चालवून घेतली. गल्ली सरळ, टोकाला वळण, वळणापाशी मोकळ्या प्लॉटवर कुणाच्या तरी बाजरीच्या सरमाडाचा, म्हणजे वाळक्या ताटांचा ढीग आणि त्याला तोंड लावून उभी असलेली एक शेळी. गाडी सायकलच्या वेगानं गेली. वळणाआधी ब्रेकचे लाल दिवे लागले. लागलेलेच राहिले. गाडी तशीच, कसलीही घाई न करता, सरमाडात शिरली. शेळी दोन पावलं बाजूला सरली आणि तिनं खाणं पुढे चालू ठेवलं.

अण्णा उतरले. अंगावरचं सरमाड झटकलं नाही. चालत घरी आले, आईसमोरून गेले आणि चावी माझ्या हातात ठेवली. "पाय गेला माजा," म्हणाले. "इकून टाक ती." आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग नेहमीप्रमाणे आधी बाहेर पडला. शेळीच्या मालकिणीशी मी दहा मिनिटं भांडले. तिनं मला पाणी विचारलं.

गाडी अंगणात ढकलून आणली आणि चाक काढलं. तळलेल्या भज्यांचा वास आला. ब्रेकमधून भज्यांचा वास यायला नको, एवढं मला विज्ञान येतं. डिस्कवर तेलाचा तपकिरी थर होता, त्यात लाल रेघा. घर्षण कमी करण्यासाठी वंगण वापरतात, हे वाक्य मी सातवीला दरवर्षी फळ्यावर लिहून देते.

आईला बोलावलं. काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "लावलं की तेल. सगळ्या हत्यारांना लावलं, या चकत्यांनी काय पाप केलं? उलटं त्यांना दोन हात लावलं. तेंच्याच जिवावर ते रस्त्यानं जानार ना."

मी तिला सांगितलं, की तेल लागलं की ब्रेक धरत नाही.  ऐकता ऐकता ती ओट्याच्या पायरीवर बसली. तिनं पदर तोंडाला लावला.

"म्हंजे तेंचा पाय नीट हाय?"

"नीट आहे."

"माज्यामुळं झालं?"

मी हातातलं फडकं डिस्कवर फिरवलं.

"तेंना सांगू नको," ती म्हणाली. "लई शरमंचं हाय."

आता माझी पंचाईत झाली. मी अण्णांकडे गेले आणि पलंगाशी उभी राहून मोठ्यानं सांगितलं, की कारखान्यातलं तेल डिस्कवर राहिलं होतं, पुसायला मी विसरले, चूक माझी. अण्णा भिंतीकडे बघूनच म्हणाले, "तीन येळा पुसलेलं म्या बघितलं. म्हाताऱ्याला फसवू नको." माझं खोटं माझ्याच नीटनेटकेपणानं मारलं. खरं सांगायची मला परवानगी नव्हती, आणि माझ्या तोंडून त्यांनी ते मानलंही नसतं.

डिस्कला आवळून धरणारे पॅड एकदा तेल प्याले की पुन्हा उपयोगी पडत नाहीत. नवे यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस अण्णा सकाळी गाडीत जाऊन बसले नाहीत. बॅटरीचंही नाव काढलं नाही. गाडीवरून नजर चुकवून ते फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. आई त्यांच्या पुढ्यात ताट ठेवायची आणि लगेच आत वळायची. माझ्याशी दोघंही नीट बोलत होते, हेच मला सहन होत नव्हतं.

नवे पॅड घातले. डिस्क पुसल्या, किती वेळा ते मोजलं नाही. गाडी मी नेवाशाच्या रस्त्याला नेऊन मोकळ्या जागी दहा-बारा वेळा थांबवून बघितली. पायाचा अंगठा टेकवला की उभी राहत होती. घरी येऊन सांगितलं. अण्णांनी पेपरचं पान उलटलं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी आई बाहेर जायचं लुगडं नेसून, दोन पिशव्या घेऊन निघाली. रिक्षासाठी फाटकाकडे जाईल असं मला वाटलं. ती गाडीकडे गेली, डावीकडचं दार उघडून आत बसली, पिशव्या पायांपाशी ठेवल्या आणि काच खाली केली.

"अवो," तिनं हाक मारली. अण्णांना ऐकू गेलं नाही. मग ती अशी ओरडली की गल्लीतल्या चार घरांनी ऐकलं असेल. "ते तेल म्या लावलं हुतं! करडईचं! दोन हात लावलं! तुमच्या पायाला काय बी झालेलं न्हाई!"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"डिस्कला?" त्यांनी विचारलं.

"व्हय!"

"कुंकू बी?"

"व्हय म्हनलं ना! चला आता, भाजी संपती."

अण्णा उठले. माझ्यापुढे हात केला, मी चावी दिली. जाताना त्यांनी भिंतीचे ते दोन वाळके ऊस उचलले आणि फाटकाबाहेर आलेल्या शेळीपुढे टाकले. मग गाडीत बसले, चावी फिरवली. तिन्ही काटे उठले. एकेक करून त्यांनी ते वाचले, आणि समोर बघत थांबले. इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर.

आईनं पदर सावरला. डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि गल्लीच्या टोकाला गेली. वळणापाशी मागचे लाल दिवे लागले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, सरमाडाच्या चार हात अलीकडे. समोर कुणी आडवं आलेलं नव्हतं. शेळीसुद्धा नव्हती. गाडी तशीच उभी राहिली, थोडा वेळ. मग दिवे विझले आणि ती वळून दिसेनाशी झाली. इतक्या लांबून काही ऐकू आलं नाही, पण आतून डबल बेल मिळाली असणार.