सर्व्हे मेसचा की शोभाताईंचा?

मंडळी, मी सर्व्हेची कामं करते. आज सकाळी कर्वेनगरमधल्या एका मेसच्या मालकांनी मला सर्व्हेसाठी बोलावलं. मुलं मेस का सोडतायत, हे शोधायचं होतं म्हणे.

प्रश्नावली त्यांनीच तयार ठेवलेली. भाजी तिखट लागते का, तेल जास्त असतं का, सगळे प्रश्न असलेच. मला तिथेच शंका आली.

"अहो, पण आपल्याला नेमकं काय शोधायचंय?"

"तुम्ही फक्त फॉर्म भरून घ्या."

तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या यवतमाळच्या शोभाताई चहा घेऊन आल्या. मालकांनी फॉर्म पटकन उलटे करून ठेवले. त्या आत गेल्यावर हळूच म्हणाले, "यांना काढायचंय. नऊ वर्षं झाली, तोंडावर सांगवत नाही. हातात कागद असलेला बरा."

खाली मेस सोडलेली दोन आयटीवाली मुलं भेटली. त्यांना विचारलं. "जेवण मस्त होतं हो. पण आम्हाला यायला साडेनऊ होतात आणि मेस नऊला बंद!"

परत वर जाऊन मालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तो प्रश्न फॉर्ममध्ये नाहीये."

मी काम नाकारून आले. पण उद्या दुसरं कोणीतरी तेच फॉर्म भरून देईल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

निघताना शोभाताईंना सांगायला हवं होतं का? तुम्ही सांगितलं असतं?